पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीबद्दल राज्यातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र

औषध विक्रेते बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तुमच्या काउंटरवर एक वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येतं : "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या, दहा." मागणारी व्यक्ती पुष्कळदा नवरा असतो, भाऊ असतो किंवा शेजारची मुलगी. जिला गोळी घ्यायची आहे ती घरी असते. खणातून पट्टी निघते, कात्रीने कापली जाते, कागदात गुंडाळून हातात पडते. चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. हाच प्रकार नवरात्रात, लग्नसराईत, वटपौर्णिमेला, वारीच्या तोंडावर आणि चारधामच्या सहलींच्या मोसमात घडतो. त्या एका मिनिटाबद्दल आम्हाला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे.

गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला १५ मिलिग्रॅम. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही स्त्रीच्या शरीरातली दोन मुख्य हार्मोन्स. या औषधाची ओळख "साधं प्रोजेस्टेरॉन" अशी झाली आहे, आणि "यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे रक्ताच्या गुठळीची भीती नाही" असं कित्येक डॉक्टरही सांगतात. कमी मात्रेपुरतं ते बरोबर आहे. परदेशात हेच औषध रोजची गर्भनिरोधक गोळी म्हणून ०.३५ मिलिग्रॅम मात्रेत मिळतं, आणि त्या मात्रेत गुठळीची चिंता जवळजवळ नसते. पण १५ मिलिग्रॅम ही त्याच्या चाळीसपटीहून जास्त मात्रा आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायोल या कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दोन्ही रेणूंवर सतराव्या कार्बनला तोच एथिनिल गट जोडलेला असतो, त्यामुळे एका टप्प्यात एकाचं दुसरं होऊ शकतं. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन हे २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोलची संयुक्त (दोन्ही प्रकारची हार्मोन्स असलेली) गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखं असू शकतं. पट्टीवर इस्ट्रोजेन हा शब्द कुठेही नाही, पण रक्तात ते पोचतं. म्हणून या पत्रातली मुख्य विनंती आताच सांगतो : ही गोळी देताना संयुक्त गर्भनिरोधक गोळी देताना जे प्रश्न विचारायला हवेत, ते सगळे विचारा.

आता रक्तात काय होतं ते पाहू, कारण "गुठळी होते" एवढं सांगून ग्राहकाचं समाधान होत नाही आणि तुमचंही होऊ नये.

अंडाशयातून येणारं नैसर्गिक इस्ट्राडायोल यकृतात लवकर मोडतं. एथिनिल गट लावलेलं तितक्या लवकर मोडत नाही, ते यकृताला पुन्हा पुन्हा भेटत राहतं आणि यकृत त्याच्या हुकमाने प्रथिनं बनवायला लागतं. फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे (फायब्रिन) ज्यापासून बनतात ते प्रथिन, वाढतं. गोठण्याच्या साखळीतले सातवा, आठवा, दहावा हे घटक वाढतात. त्याच वेळी गोठणं आवरणारी प्रथिनं, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस, कमी होतात, आणि प्रोटीन सी नावाचा ब्रेक नीट लागेनासा होतो. दुधाला विरजण लावताना थेंबभर पुरतं, कारण पुढचं काम ते स्वतःच वाढवत नेतं. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या प्रथिनाचं तसंच आहे. थोडं थ्रॉम्बिन तयार झालं की ते आणखी थ्रॉम्बिन तयार करवतं. निरोगी रक्तात हे वाढणं वेळीच थोपवलं जातं. गोळी चालू असताना थोपवणारे हात कमी असतात आणि विरजायचा मालही जास्त असतो.

इथे प्लेटलेटबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. "प्लेटलेट तपासल्या, नॉर्मल आहेत, मग गुठळी कशी होईल?" हा प्रश्न लोक विचारतात. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेटचा आकडा घराघरात पोचवला आहे. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख, दोन-तीन मायक्रॉनच्या, केंद्रक नसलेल्या, सात ते दहा दिवस जगणाऱ्या या चकत्या. त्यांच्यावर हार्मोन्सचा परिणाम होतो, हे खरं आहे. सगळ्यांत पक्का पुरावा अ‍ॅड्रिनॅलिनचा. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर त्याचा खास ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा संदेश पकडणारा रेणू) असतो आणि इतर संदेशांना प्लेटलेट जो प्रतिसाद देते, तो त्यामुळे वाढतो. थायरॉइड कमी असेल तर व्हॉन विलब्रांड घटक घटतो, प्लेटलेट जखमेला नीट चिकटत नाहीत आणि पाळीत जास्त रक्त जातं. थायरॉइड वाढलेलं असेल तर तोच घटक वाढतो. इस्ट्रोजेनचे ग्राहकही प्लेटलेटवर सापडले आहेत, पण त्याचा प्लेटलेटवरचा थेट परिणाम एका दिशेचा नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातून इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन वाढवतं, आणि ही दोन्ही द्रव्यं प्लेटलेटना शांत ठेवतात.

पायाच्या खोल शिरेत होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिन आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशींची असते. प्लेटलेट तिथे गोठण्याच्या साखळीला बसायला जागा देतात, म्हणून त्या लागतात, पण त्यांची संख्या वाढावी लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) अगदी नॉर्मल असलेल्या बाईच्या मांडीत गुठळी असू शकते. यातूनच आणखी एक गोष्ट निघते : "सोबत अ‍ॅस्पिरिन द्या म्हणजे रक्त पातळ राहील" हा सल्ला काउंटरवरून देऊ नका. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना अडवतं. गोळीमुळे यकृतातून वाढलेले घटक त्याने कमी होत नाहीत, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो.

धोका किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली दिलेल्या आकड्यांनुसार, संयुक्त गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. इस्ट्रोजेनच्या जोडीला लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉन असलेल्या संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७ होतो, डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्यांत ९ ते १२. म्हणजे एका बाईसाठी धोका लहानच आहे, आणि कोणालाही घाबरवून परत पाठवावं असं आम्ही म्हणत नाही. पण धोका सगळ्यांत जास्त असतो तो गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. सणापुरती गोळी घेणारी स्त्री दर वेळी त्याच सुरुवातीच्या काळात असते. शिवाय धोके बेरजेने वाढत जातात, आणि सणाच्या दिवसांत ते नेमके एकत्र येतात.

मुंबईहून गणपतीला कोकणात निघालेल्या बसचं उदाहरण घ्या. रात्री निघालेली गाडी महामार्गावरच्या कोंडीत सापडली की सावंतवाडी गाठायला दुसऱ्या दिवशीची दुपार होते. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून बायका आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी पितात. पाय लोंबकळत, गुडघे दुमडलेले, सीटच्या कडेचा दाब मांडीच्या मागच्या शिरांवर. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, ते काम बारा तास जवळपास बंद. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिर्शोव यांच्या नावाने शिकवली जातात : रक्त साचणं, रक्तवाहिनीचं अस्तर दुखावणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. बसने पहिलं कारण दिलं, पर्समधल्या गोळीने तिसरं. चार तासांपेक्षा जास्त बसून केलेला प्रवास एरवीही धोका वाढवतो. उंचावरच्या यात्रेत थंडी आणि कमी पाणी यांची भर पडते.

मात्रेच्या चुका तर आणखीच जास्त होतात, आणि त्या बहुतेक "दहा द्या" या शब्दांतूनच जन्मतात. हिशेब करून पाहा. पाळी ५ तारखेला अपेक्षित आहे आणि १२ तारखेपर्यंत थांबवायची आहे. गोळी तीन दिवस आधी, म्हणजे २ तारखेला सुरू व्हायला हवी आणि ११ तारखेपर्यंत चालायला हवी. दहा दिवस, रोज तीन, एकूण ३० गोळ्या. शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन-तीन दिवसांनी पाळी येते, म्हणजे १३-१४ तारखेला. आता हीच बाई ४ तारखेला दहाच गोळ्या नेते. उशिरा सुरू केल्यामुळे मधेच डाग पडतात, ७ तारखेला गोळ्या संपतात, ९-१० तारखेला ऐन सणात पाळी येते. मग कोणीतरी सांगतं, "दोन-दोन घे." मात्रा दिवसाला ३० मिलिग्रॅमवर जाते आणि इस्ट्रोजेनही त्या प्रमाणात वाढतं. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी कार्बामाझेपिन, फेनिटोइन चालू असेल तर यकृत नॉरएथिस्टेरॉन लवकर संपवतं आणि डाग पडतातच. तिथेही मात्रा दुप्पट करणं हा उपाय नाही. आणि हेही सांगायला हवं की या पद्धतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते. बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही तर लघवीची गर्भतपासणी करायला सांगा.

याच खणाशेजारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात. जास्त रक्तस्रावासाठी नॉरएथिस्टेरॉन आणि ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ही जोडी एकत्र मागितली जाते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड झालेली गुठळी विरघळू देत नाही. एक औषध गुठळी होण्याकडे कल वाढवतं, दुसरं ती टिकवतं. ही जोडी डॉक्टरांनी तपासून, जाणीवपूर्वक लिहिलेली असेल तरच द्या. मेफेनॅमिकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. डेन्मार्कमधल्या सुमारे वीस लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. हार्मोनची गोळी न घेणाऱ्यांत दाहशामक वेदनाशामक सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात लाखामागे ४ जास्तीच्या गुठळ्या झाल्या. जास्त धोक्याच्या हार्मोन गोळ्या घेणाऱ्यांत त्या २३ झाल्या. आकडे लहान आहेत, पण पोट दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल पुरणार असेल तर आधी तेच सुचवावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

काय विचारायचं? दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते फोनवर खुद्द त्या बाईशीच बोलून करावं. नवऱ्याला बायकोच्या अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात का, हे माहीत नसतं. आणि हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. तिला कधी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झाली होती का? आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला ४५ वर्षांच्या आत झाली होती का? गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालं आहे का? पायाला प्लॅस्टर, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळलेलं दुखणं? वारंवार गर्भपात झाले आहेत का? ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), कर्करोग, यकृताचा आजार? रक्तदाब १४०/९० च्या वर? वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान? वजन खूप जास्त? आधीपासून एखादी हार्मोनची गोळी चालू आहे का? विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलबद्दल जरूर विचारा, त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असतो. यांपैकी एकाही प्रश्नाला "हो" आलं तर गोळी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. पर्याय असतात. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं एथिनिल इस्ट्राडायोल होत नाही, म्हणून धोका असलेल्या काही स्त्रियांसाठी डॉक्टर ते निवडतात. जी आधीपासून संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेते तिला वेगळ्या गोळीची गरजच नसते. रिकाम्या किंवा लोहाच्या गोळ्यांचा आठवडा सोडून पुढचं पाकीट सुरू केलं की काम होतं, आणि तेही डॉक्टरांना विचारून करता येतं.

"आम्ही नाही दिली तर पुढचा देईल," हे तुमचं म्हणणं आम्हाला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. म्हणूनच हे पत्र एका दुकानदाराला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे, आणि तालुका-जिल्हा पातळीवरच्या तुमच्या संघटनांनी सणांच्या आधी आपापल्या सभेत ते वाचावं अशी विनंती आहे. पट्टीवर आरएक्सचं चिन्ह आहे आणि चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचनाही छापलेली आहे. फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगावं ही अपेक्षा २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलेली आहे. तेव्हा आम्ही नवीन काही मागत नाही. "ऐन वेळी डॉक्टर कुठून आणायचा?" हाही आक्षेप येईल. पण गोळी तीन दिवस आधीच सुरू करावी लागते, त्यामुळे तिचा उपयोग व्हायचा असेल तर हातात वेळ असतोच. जवळ डॉक्टर नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. पाळी पुढे ढकलावी की नाही, यावर प्रवचन देण्याचं कारण तुम्हालाही नाही आणि आम्हालाही नाही. तो निर्णय तिचा आहे. तो तिने माहिती घेऊन घ्यावा, इतकंच.

पट्टी कापून देऊ नका. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरत नाही, कधी मुदतीची तारीख. पुढे ती बाई धाप लागून दवाखान्यात आली, तर "कुठली गोळी घेतली?" याचं उत्तर त्या तुकड्यावरून मिळत नाही. पूर्ण पट्टी, बिल, आणि बिलामागे पेनाने तीन ओळी : गोळीचं नाव आणि मात्रा, सुरू केल्याची तारीख, शेवटच्या गोळीची तारीख. याला फार महत्त्व आहे, कारण गोळी थांबली म्हणून रक्त दुसऱ्या दिवशी पूर्ववत होत नाही. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पंधरा दिवसांनी पाय सुजला तर डॉक्टर विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत?" ती म्हणते, "काही नाही." ती खोटं बोलत नसते, आणि निदान तिथेच हुकतं.

गोळी देताना खुणाही सांगा, साध्या शब्दांत. एकाच पायाची पोटरी किंवा मांडी सुजणं, दुखणं, गरम लागणं. डाव्या पायात हे जास्त दिसतं, कारण ओटीपोटात डावी शीर उजव्या धमनीखाली दबलेली असते. शंका असेल तर घरातली शिवणकामाची टेप घ्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) हवी. मात्र टेपने फरक कमी भरला म्हणून गुठळी नाही असं धरू नका. पायाला तेल लावून चोळू नका, शेकवू नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर १०८ ला फोन. आणि डोकेदुखी : आधी कधी नव्हती अशी, दिवसागणिक वाढणारी, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त होणारी, उलट्या, धूसर दिसणं, झटका, हात किंवा पाय लुळा पडणं. ही मेंदूच्या शिरेतली गुठळी असू शकते. साधा सीटी स्कॅन कधी कधी नॉर्मल येतो, म्हणून हार्मोनची गोळी घेतल्याचं डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, म्हणजे ते शिरांचा वेगळा स्कॅन करवतील. "अ‍ॅसिडिटीने डोकं चढलंय" म्हणून तिला अँटासिड देऊ नका.

प्रवासाला निघालेल्या बाईला एवढं सांगा : पाणी प्या, दर तासाला घोटे वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवा, गाडी थांबेल तिथे उतरून चाला.

यंदाच्या गणपतीपासून सुरुवात करता येईल. काउंटरमागच्या भिंतीवर वरच्या प्रश्नांचा एक कागद चिकटवा, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते एकदा वाचून दाखवा, आणि शक्य असेल तिथे बाईशी बोलायला दुकानातल्या बाईला पुढे करा. कागदाचा मजकूर, बिलामागे मारायचा तीन ओळींचा शिक्का आणि खुणांचं छोटं पत्रक यांचा मराठी मसुदा आम्ही तयार करून द्यायला तयार आहोत. तुमच्या संघटनेने मागावा, त्याला काही शुल्क नाही.

आपले,
रक्तविकार, स्त्रीरोग आणि औषधनिर्माणशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण